बाकी

मंडईतून बुरुड आळीकडे वळताना एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक क्लास होता. लाकडी जिना अंधारा, कठडा हलता. खाली कांदा-बटाट्याचा वास, वर खडूची धूळ. बाहेर मोठ्या पाटीवर इंग्रजी, जर्मन, फारसी, अरबी, मराठी अशी भाषांची यादी होती आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिले होते, ‘फॉरेन फॅकल्टी’. या पाटीखालून आम्ही चार वर्षे वर-खाली केली. आम्ही म्हणजे तिथे शिकवणारे चौघे. दोघे मोमीनपुऱ्यातले, एक भवानी पेठेतली, एक कसब्यातला. तीन नावे मुसलमानी, एक हिंदू. तासाचा दर मात्र सर्वांना सारखा, सत्तर रुपये. ही गोष्ट २००६ सालची.

ती आतापर्यंत आम्ही लिहिली नाही. लिहायची म्हटली की प्रत्येक वेळी आमच्यातला एक जण म्हणायचा, ‘राहू दे, त्यात आपले काय चांगले दिसते?’ खरे आहे. चांगले काही दिसत नाही. म्हणूनच आता लिहितो आहोत.

त्या काळी पुण्यात इराणी, येमेनी, सुदानी विद्यार्थी पुष्कळ होते. कॅम्पात, कोंढव्यात, कर्वे रस्त्यावर ते भाड्याच्या खोल्या घेऊन राहत. इथल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरी इंग्रजी कच्चे असायचे, म्हणून खासगी क्लासमध्ये येत. आमच्या क्लासची निम्मी फी त्यांच्याकडून यायची. उरलेली निम्मी मंडईतल्या गाळेवाल्यांची मुले, तुळशीबागेतल्या दुकानांत काम करणारे तरुण आणि कॉल सेंटरची स्वप्ने पाहणाऱ्या मुली यांच्याकडून.

खानम अशीच विद्यार्थिनी म्हणून आली नव्हती. ती शिक्षिका म्हणून आली. ती इराणची. इंग्रजीत एम.ए. करून भाषाशास्त्रात पीएच.डी. करायला पुण्यात आली होती. तिचे नाव लिहीत नाही. आम्ही तिला खानम म्हणायचो, आणि खालच्या मजल्यावरच्या मुलांनी त्याचे ‘खानमबाई’ केले. ती सकाळी इंग्रजीची एक आणि संध्याकाळी फारसीची एक बॅच घ्यायची. तिला तासाला पन्नास रुपये मिळायचे.

आम्हाला सत्तर आणि तिला पन्नास का, हे आम्ही एकदा सरांना विचारले होते. सर म्हणजे क्लासचे मालक. ते हसून म्हणाले, ‘अहो, ती कुठे जाणार आहे?’ त्या एका वाक्यात सगळा व्यवहार होता. खानम विद्यार्थी व्हिसावर आली होती, आणि त्या व्हिसावर पगारी काम करायला परवानगी नसते. सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा असलेल्या परकी माणसाला आल्यापासून चौदा दिवसांत पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. तिचे कागद पोलीस आयुक्तालयाच्या फायलीत होते, तिची मुक्कामाची मुदत दरवर्षी तिथे वाढवून घ्यावी लागे. तिने पैशासाठी कुणाकडे तक्रार केली असती, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला गेला असता, की तुम्ही काम करत होताच कशा?

मग पाटीवरची ‘फॉरेन फॅकल्टी’ कोण? त्या उन्हाळ्यात एक इंग्रज मुलगी भारत फिरायला आली होती. सरांना ती कुठल्याशा उपाहारगृहात भेटली. तिने दोन आठवडे रोज एक तास वर्गात बसून गप्पा मारल्या. तासाला तीनशे रुपये घेतले आणि गोव्याला निघून गेली. व्हिसा तिचाही कामाचा नव्हता. पण तिचा फोटो पाटीवर चढला आणि पुढची दोन वर्षे उतरला नाही. व्याकरणातला काळ आणि अर्थ यांचा गुंता खानम ज्या सफाईने सोडवायची, तसा आमच्यापैकी कुणाला जमत नव्हता. पण खानमचा रुमाल बांधलेला चेहरा पाटीवर लावायचा, असे कुणाच्या मनातसुद्धा आले नाही.

आम्हाला हे नवे नव्हते. आमच्यातल्या भवानी पेठेतल्या आपांनी मराठीत एम.ए. केले होते. परकी विद्यार्थ्यांसाठी मराठीची बॅच निघाली तेव्हा त्यांनी ती मागितली. सर म्हणाले, ‘मॅडम, तुमचे मराठी उत्तमच आहे हो, पण नावावरून लोकांचा विश्वास बसत नाही.’ ती बॅच कसब्यातल्या आमच्या मित्राला मिळाली, ज्याचा विषय वाणिज्य होता. तो बिचारा ओशाळून रोज रात्री आपांकडून धडे तयार करून न्यायचा. भाषा कुणाच्या तोंडची, हे अशा बाजारात चेहरा आणि नाव पाहून ठरते.

खानमला मंडईचे वेड होते. तास संपला की ती खाली उतरायची आणि गाळ्यांमधून फिरायची. मंडईत तिच्या कानावर तिच्याच घरचे शब्द पडत. बाजार, दुकान, हमाल, हिशोब, रक्कम, वसूल, बाकी. फारसीतून आणि फारसीच्या मार्गाने अरबीतून आलेले हे शब्द. ती वहीत टिपून ठेवायची. मजूर हा शब्द ऐकून तर ती उभीच राहिली. फारसीत मजुरीला ‘मोज्द’ म्हणतात, आणि ती मिळवणारा तो ‘मोज्दूर’. ‘मग पगार?’ तिने विचारले. आम्ही सांगितले, तो पोर्तुगीजांकडून आला. ती म्हणाली, ‘म्हणजे कष्ट आमच्याकडून आले आणि महिन्याचे पैसे दुसऱ्याकडून.’ आम्ही खूप हसलो होतो.

या फिरण्यात तिची एका मावशींशी ओळख झाली. मावशी मेथी, शेपू, कोथिंबीर विकायच्या. त्यांची नात नववीत होती आणि इंग्रजीत नापास होत होती. खानमने तिला गाळ्याच्या मागे रिकाम्या खोक्यावर बसवून शिकवायला सुरुवात केली. पैशाचा विषय निघालाच नाही. संध्याकाळी मावशी तिच्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या, चार लिंबे, कधी पेंडभर शेपू टाकायच्या. इराणी स्वयंपाकात शेपू-कोथिंबिरीला मोठा मान, त्यामुळे खानम खूश. दोघींची भाषा वेगळी. खानम त्यांना ‘मावशी-जान’ म्हणायची आणि मावशी तिला ‘पोरी’.

त्या वर्षी रमजान आणि दिवाळी एकाच महिन्यात आले होते. दसऱ्याला मंडई झेंडूने पिवळी झाली तेव्हा आमचे रोजे चालू होते. इफ्तारच्या वेळी वर्ग चालू असायचे, म्हणून मागच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून आम्ही खजूर, केळी, भजी मांडायचो. कसब्यातला मित्र भजी आणायचा आणि आमच्याबरोबर बसायचा. खानम शिया. त्यांचा रोजा आमच्यानंतर काही मिनिटांनी सुटतो. आम्ही अजान होताच खजूर तोंडात टाकायचो आणि ती आपला खजूर हातात धरून शांत बसायची. आम्हाला संकोच वाटू नये म्हणून त्या वेळात ती काहीतरी गोष्ट सांगायची. आमचे पोट भरत असे आणि ती वाट पाहत असे.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी तिने सांगितले, की दोन महिन्यांचे पैसे मिळालेले नाहीत. रोजचे दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, दोन महिने. पाच हजार रुपये झाले होते. सरांनी आधी ‘गणपतीनंतर’ सांगितले होते, मग ‘दसऱ्यानंतर’, आता ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत होते. शेवटी त्यांनी सहज बोलल्यासारखे विचारले होते, ‘तुमची नोंदणी कधी वाढवायची आहे?’ खोलीचे भाडे थकले होते. ती म्हणाली, ‘मी एकटी गेले तर ते ऐकणार नाहीत. तुम्ही चौघे नुसते माझ्याबरोबर उभे राहा. बोलू नका, उभे राहा.’

आम्ही लगेच हो म्हणालो. गुरुवारी तास संपल्यावर सर्वांनी मिळून जायचे ठरले. त्या रात्री आमच्यातल्या एकाने घरी हे सांगितले, तेव्हा त्याचे अब्बा म्हणाले, ‘मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही हुजूरांची शिकवण. देणाऱ्याला ती लागू आहे आणि पाहणाऱ्यालाही.’ अब्बा स्वतः विडीच्या कारखान्यात हिशोबनीस होते.

बुधवारी सरांनी आम्हाला एकेकाला आत बोलावले. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली, ते आम्ही शोधले नाही. शोधले असते तर कदाचित आमच्यातच सापडले असते. प्रत्येकाला त्यांनी वेगळे सांगितले. एकाला, की तुम्हाला दिवाळीनंतर आणखी एक बॅच देतो. आपांना, की मराठीची बॅच पुढच्या वर्षी तुमचीच. आणि सर्वांना एक समान गोष्ट, की या महिन्यापासून तासाला ऐंशी रुपये. खानमचा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही.

गुरुवारी आम्ही गेलो नाही. एकाला ताप आला. एकाला घरी पाहुणे आले. आपांनी तास लांबवला. कसब्यातला मित्र जिन्यापर्यंत आला, पण आम्ही दिसलो नाही तेव्हा परत फिरला. खानम एकटी आत गेली आणि पाच मिनिटांनी बाहेर आली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. त्या संध्याकाळी इफ्तारला ती बसली नाही; तिच्या वाटणीचे खजूर वर्तमानपत्रावर तसेच पडून राहिले.

शनिवारी मावशींनी आम्हाला मंडईत गाठले. त्यांना सगळे कळले होते; नातीला थोडे इंग्रजी येऊ लागले होते ना! त्यांचा मुलगा मार्केट यार्डात हमाल होता आणि त्या वेळी पोती टाकायला टेम्पोबरोबर आला होता. तो आम्हाला म्हणाला, ‘सर, तुमचं हजेरीचं बुक कुठंय? पावती कुठंय?’ आमच्याकडे काहीच नव्हते. महिन्याच्या शेवटी पाकीट मिळायचे, त्यावर नावसुद्धा पेन्सिलीने. त्याने खिशातून आपले कार्ड काढून दाखवले. मावशी म्हणाल्या, ‘आमच्याकडं पाटी उचलणाऱ्याचा हिशोब दिवा लागायच्या आत होतो. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचा कधी होतो?’

हा प्रश्न आम्ही वीस वर्षे घेऊन फिरतो आहोत. उत्तर शोधताना बरेच काही वाचले. हमालाच्या खिशातले ते कार्ड आपोआप आलेले नव्हते. पुण्यात १९५० च्या दशकात बाबा आढावांनी हमालांची पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर अंगमेहनती कामगारांसाठी कायदा केला. त्यात मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने हमालाला पैसे, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार द्यायचे, अशी व्यवस्था आहे. मालक बदलला, गाळा बदलला, तरी हमालाचा हिशोब मंडळाकडे राहतो. पाठीवर पोते घेणाऱ्याला हे मिळाले, कारण तो आपल्या शेजारच्या हमालाबरोबर उभा राहिला.

आणि शिक्षकांचे काय? १९८८ साली गोव्यातल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘कामगार’ नाही. शिकवणे हे उदात्त कार्य आहे, ते अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम नव्हे, असा त्यामागचा विचार. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क शिक्षकांना मिळावा यासाठी संसदेला २००९ साली कायदा दुरुस्त करावा लागला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला गेला. पण तोही दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या संस्थेसाठी. आमच्या क्लासमध्ये आम्ही पाच. उदात्त म्हणून गौरवलेले काम तासाला सत्तर रुपयांवर चालले होते.

परकी शिक्षकाची कोंडी तर जगभर तीच. दक्षिण कोरियात खासगी शिकवणीवर्गांना हागवॉन म्हणतात. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाचा व्हिसा त्याच्या मालकाशी बांधलेला असतो. वर्ष पूर्ण झाले की कायद्याने सेवासमाप्तीची रक्कम द्यावी लागते, म्हणून वर्ष भरण्याच्या थोडे आधी कामावरून काढल्याच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. जपानमध्ये नोवा ही इंग्रजी वर्गांची सर्वांत मोठी साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. काहींनी जेवणाच्या बदल्यात शिकवणी घेतली. ही बातमी वाचताना आम्हाला खानमच्या पिशवीतली मेथीची जुडी आठवली. फरक एवढाच, की तिथल्या शिक्षकांची संघटना होती आणि ती उभी राहिली.

आपल्याकडे पुढे केंद्र सरकारने परकी माणसाच्या रोजगार व्हिसासाठी वर्षाला २५,००० डॉलर पगाराची अट घातली. नंतर ती १६.२५ लाख रुपयांची झाली. देशोदेशींचे खास पदार्थ करणारे स्वयंपाकी, दूतावासातले कर्मचारी आणि इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक यांना त्या अटीतून सूट आहे. म्हणजे फारसी शिकवणाऱ्या खानमला पगार कमी असला तरी रीतसर व्हिसा मिळू शकला असता. पण त्यासाठी मालकाने तिला नेमणुकीचे पत्र द्यायला हवे. जो मालक पाकिटावर शाईने नाव लिहीत नाही, तो पत्र कसे देणार?

मंडईच्या इमारतीचीही यात एक आठवण आहे. १८८५-८६ साली ती बांधली गेली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून ती रे मार्केट होती. त्या बांधकामावर एवढा पैसा घालण्याला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. तो गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आणि जोतीरावांची स्वतःची शाळा सुटली होती, तेव्हा त्यांच्या वडिलांना समजावून मुलाला पुन्हा शाळेत घालायला लावणाऱ्या दोघांपैकी एक होते शेजारचे गफार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट साहेब. एक भाषाशिक्षक शेजाऱ्याच्या मुलासाठी दोन शब्द बोलला. त्याला त्याने तासाचा दर लावला नव्हता. गंज पेठ आणि मोमीनपुरा शेजारी शेजारी आहेत. गफार बेगांच्या त्या गल्लीतूनच आमच्यातले दोघे रोज क्लासला येत होते आणि आमच्याच्याने दोन शब्द बोलवले नाहीत. नुसते उभे राहायचे होते.

ईदनंतर खानमने क्लास सोडला. खोलीचे भाडे तिने कसे भरले, ते आम्हाला पुढे नातीकडून कळले. मावशींनी गाळ्याच्या गल्ल्यातून पैसे दिले होते आणि ते तिने वर्षभरात थोडे थोडे करून फेडले. सरांकडची बाकी तिला कधीच मिळाली नाही. नात दहावीला इंग्रजीत पास झाली. खानमने प्रबंध पूर्ण केला आणि २००९ साली ती परत गेली. जाताना तिने आमच्यासाठी मावशींकडे पिस्त्याची एक पिशवी ठेवली होती. चिठ्ठी नव्हती. असती तर बरे झाले असते.

क्लास केव्हाच बंद झाला. वाडा पडला. सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा आढाव गेले, तेव्हा आम्ही चौघे बऱ्याच वर्षांनी मंडईत एकत्र भेटलो. मावशी आता नाहीत. गाळ्यावर त्यांची सून बसते. चहा पिता पिता आमच्यातल्या वाणिज्यवाल्या मित्राने जुना हिशोब काढला. तो म्हणाला, ‘दर दहा रुपयांनी वाढला. रोजचे तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस. एकेकाचे साडेसातशे, चौघांचे महिन्याला तीन हजार.’ आम्ही गप्प झालो. खानमचे मागणे होते पाच हजार. म्हणजे तिची बाकी बुडवण्यासाठी सरांनी आम्हाला दोनच महिन्यांत तिच्याहून जास्त पैसे दिले होते. त्यांना पाच हजार परवडत नव्हते, असे मुळीच नाही. एकीचे दिले असते तर सर्वांना एकत्र येऊन मागण्याची सवय लागली असती. तेवढे टाळण्याची किंमत त्यांनी आनंदाने मोजली. आणि आम्ही ती पगारवाढ समजून घरी नेली. त्या ईदला त्यातून कपडे शिवले.

दर नवरोजला खानमचा निरोप येतो. ती आता मुलांना भाषाशास्त्र शिकवते. ती मावशींच्या नातीची चौकशी करते, मंडईत शेपू आला का विचारते. क्लासचा विषय ती काढत नाही आणि आम्हीही काढला नाही. त्या दिवशी चहाच्या टपरीवर मात्र आम्ही चौघांनी मिळून तिला एक पत्र लिहिले. त्यात हा सगळा हिशोब मांडला आहे, दहा रुपयांसकट. माफीचा शब्द शेवटी एकदाच आहे. पैसे पाठवावेत की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी आपांनी ठरवले, की आधी पत्र जाऊ दे. बाकी किती, ते आता तिला ठरवू दे.

उत्तर अजून आलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत. हातात खजूर धरून बसणे म्हणजे काय, हे थोडेसे कळू लागले आहे.